चार लिंबे आणि दहा नंबरचा पाना

॥ श्रीगजाननाय नमः ॥

विघ्नांचे हरण करणाऱ्या श्रीगजाननाला आणि मनुष्याच्या हातातील प्रत्येक आयुधात जी वास करते त्या श्रीजगदंबेला वंदन करून, यंदाच्या खंडेनवमीच्या निमित्ताने एका तपासाची हकिकत लिहावयास घेतो. कोणाचेही नाव लिहिणार नाही. संबंधित माणसे आपापल्या घरी सुखात आहेत आणि तसेच असावे.

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी चिरडलेल्या लिंबांचा वास येतो.

चिखलीचा बराच भाग तेव्हा आमच्या ठाण्याच्या हद्दीत होता. खंडेनवमीच्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा असते. बंदुका, काठ्या, हातकड्या, बिनतारी संच, सारे एका सतरंजीवर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. त्या वर्षी आरती आटोपून मी प्रसाद वाटत होतो, इतक्यात एक तिशीतला गृहस्थ आत आला. पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. असा माणूस आला की त्याला आधी बसवावे.

त्याच्या वडिलांची गाडी शेडमधून नाहीशी झाली होती. गाडी साधी नव्हती. परदेशी बनावटीची, दोन आसनांची, कापडी छत मागे दुमडून उघडी करता येणारी जुनी स्पोर्ट्स गाडी. रंग गडद हिरवा. वडील एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. नोकरीत असतानाच त्यांनी ती जवळजवळ भंगारातून आणली आणि वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी उभी केली. कापडी छत उसवले की ताडपत्री शिवणाऱ्याकडून टाके घालून आणायचे. मागची प्लास्टिकची काच धुरकटली की टूथपेस्ट लावून घासायची. छताच्या बुडाशी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी बसण्याच्या जागेत साचते, म्हणून त्या नायलॉनच्या दोरीने मोकळ्या करायच्या. मुलगा हे सगळे सांगत होता आणि त्याच्या बोलण्यात राग होता की माया, हे मला ठरवता येईना.

"विकायची ठरली होती, साहेब," तो म्हणाला. "उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर माणूस न्यायला येणार होता. दोन महिन्यांमागं जॅक घसरला आणि बाबा खाली सापडले. मीच ओढून काढलं त्यांना. बरगड्या मोडल्या. नशीब म्हणून वाचले. ती गाडी घरात नकोच होती मला, पण म्हणून कुणी चोरून न्यावी?"

"संशय कोणावर?"

"आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू आहे. लातूरकडचा. गाडी विकू नका म्हणून माझ्याशी भांडला होता. किल्ली कुठं असते ते त्याला ठाऊक. आणि साहेब, त्याच्यावर गावाकडं आधी एक चोरीची केस झालेली आहे."

ती केस खोटी ठरून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले होते, हे मी मागाहून मागवलेल्या माहितीत वाचले. परंतु 'झालेली आहे' एवढेच शब्द माणसामागे फिरत राहतात. गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल करून घेतला. "संशयित म्हणून त्याचं नाव घाला," असा मुलाचा आग्रह होता. पुरावा येईपर्यंत नाव येणार नाही, असे मी सांगितले. याला कारण होते. तो भाडेकरू चाकणच्या एका कारखान्यात बरीच वर्षे कंत्राटावर वेल्डिंग करीत होता. त्याला कायम करण्याचे ठरले होते आणि चारित्र्य पडताळणीसाठी त्याचा अर्ज आमच्याच ठाण्यात येऊन पडला होता. गुन्ह्यात नाव आले असते, तर कारखान्याचे फाटक त्याच्यासाठी बंद झाले असते.

उजेड होता तोवर पंचनामा करून घ्यावा म्हणून लगेच निघालो. गावठाणाला लागून जुने बैठे घर, बाजूला पत्र्याची शेड. शेडचे कुलूप तोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. फरशीवर, चाके जिथे असत त्यांच्या किंचित पुढे, चार चिरडलेली लिंबे होती. प्रत्येक लिंबाखाली चिमूटभर तांदूळ. त्यांवरून टायरची नक्षी स्पष्ट उमटत पुढे दारापर्यंत गेली होती.

आमचे उपनिरीक्षक तरुण आणि तडफदार. ते म्हणाले, "सकाळची पूजा असेल, सर."

"आईनं घरात हत्यारांची पूजा केली. गाडीला नुसता हार होता, तोही त्या भाडेकरूनंच घातला," मुलगा म्हणाला.

सोबतचा हवालदार मावळातला. तो उकिडवा बसून लिंबांकडे पाहत राहिला. "साहेब, ह्यो चोर लई धार्मिक हाय. मुहूर्त बघून, लिंबू ठिवून गाडी नेली त्यानं. आमी नवी मोटारसायकल घेतली तवा एवढं केलं न्हाई."

आम्ही हसलो, परंतु मला ते लिंबू सोडवेना. चोर घाईत असतो. चार चाकांपुढे चार लिंबे, त्यांखाली तांदूळ, एवढी सवड काढणाऱ्याला ती गाडी परकी नव्हती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी जाताना दिसत होती. छत चढवलेले होते, त्यामुळे आत कोण आहे ते कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, सकाळीच आमचा एक खबऱ्या आला. नाक्यावरचा पानटपरीवाला. त्याने सांगितले की भाडेकरू आदल्या दुपारी हातात फुगलेली पिशवी घेऊन शेडमध्ये शिरताना त्याने पाहिला. उपनिरीक्षकांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले. मी म्हटले, अटक नाही, चौकशीला बोलवा. फोनवर बोलवा. गल्लीत पोलिसांची जीप उभी राहिली की निकाल गल्लीच लावून टाकते.

तो आला. बायकोला "फुलं आणायला जातो" असे सांगून आला होता. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. चौकशीत माणसाला जमिनीवर बसवले की तो भीतीने काहीही बोलतो आणि ते बोलणे न्यायालयात टिकत नाही. शिवाय सणाचा दिवस होता.

"शेडमध्ये गेला होता?"

"गेलतो की साहेब. हार घातला गाडीला. काकांना पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून दरसाली त्यांच्या हातचा हार यंदा मी घातला."

"पिशवीत काय होते?"

"झेंडू. दुसरं काय राहणार?"

"मुलाशी भांडण झाले होते?"

"झालं. खरं सांगायलो. ते गाडी विकायलेत म्हणलं की काकांचा घास खाली उतरंना. मी म्हणलं, दादा, तुम्ही गाडी इकायला निघालात का बापाला? लई बोललो. बोलायला नको होतं."

इथपर्यंत तो माझ्या डोळ्यांत पाहून बोलत होता. मग मी विचारले, "लिंबे तुम्ही ठेवली?"

त्याची नजर बशीत उतरली.

"न्हाई साहेब."

"चारही लिंबांखाली तांदूळ होते. कोणी ठेवले असतील?"

"मला ठाव नाही."

उपनिरीक्षक पुढे झुकले. "अरे, परमनंट व्हायचंय ना तुला? एकदा नाव आलं की कंपनीच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा आत सोडणार नाही. कळतंय का?"

"कळतंय साहेब. माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?"

"मग बोल."

त्याने कप खाली ठेवला. "माझ्याबद्दल काय बी इचारा, सगळं सांगतो. दुसऱ्याबद्दल इचारू नका. हात जोडतो."

नोकरीच्या काळात मी असंख्य माणसांची मौने पाहिली. स्वतःला वाचवणाऱ्याचे मौन अस्वस्थ असते. तो पाय हलवतो, पाणी मागतो, भलत्याच विषयावर बोलू लागतो. हा माणूस हात जोडून स्थिर बसला होता. सारे आयुष्य ज्या कागदाची वाट पाहिली तो कागद पणाला लागलेला असूनही तो कोणाला तरी झाकत होता. गाडी कोणी नेली हे त्याला कळले होते, आणि ते लिंबांवरूनच कळले होते, अशी माझी खात्री झाली. त्याला तिथेच बसवून, एका महिला शिपायाला बरोबर घेऊन, मी त्या घरी गेलो.

वडील ओसरीवर खुर्चीत बसले होते. छातीला पट्टा. मांडीवर वर्तमानपत्र होते, पण त्याची घडी मोडलेली नव्हती. मी नमस्कार केला.

"गाडी मिळाली का?" त्यांनी विचारले.

"शोध चालू आहे."

"नाही मिळाली तरी चालेल. तशीही आज जाणारच होती." एवढे बोलून ते रस्त्याकडे पाहू लागले. गाडीबद्दल असे बोलणारा माणूस गाडीबद्दल बोलत नसतो.

आत त्यांच्या पत्नी चहाची तयारी करू लागल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चपळ बाई. देवघरापुढे पाटावर लाल कापड अंथरून हत्यारे मांडली होती. पाने, पक्कड, हातोडी, ग्रीसगन, घासून लखलखीत केलेली. उत्तरपूजा अजून व्हायची होती. त्या घराचा शिरस्ता असा की खंडेनवमीला पूजेत बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत कामासाठी हात लावायचा नाही. मीही पाठशाळेत वाढलेला माणूस. पूजा मांडलेली दिसली की वाकल्यावाचून पुढे जाववत नाही. गुडघे टेकून नमस्कार केला आणि मस्तक वर करताना ते दिसले.

प्रत्येक हत्यारावर हळदीचा एक आणि कुंकवाचा एक, असे जोडीने टिळे होते. फक्त एका लहान पान्यावरचा टिळा दांड्यावर लांबवर पुसला गेला होता आणि त्याच्याच वर दुसरा, ताजा टिळा लावलेला होता. फूलही नवे होते. पान्याच्या तोंडाशी पांढुरकी भुकटी चिकटली होती.

मुलगा आतून येऊन मागे उभा राहिला होता. मी त्याला विचारले, "गाडी उभी असताना बॅटरीची तार काढलेली असे का?"

"हो. नाहीतर बॅटरी उतरते. बाबा प्रत्येक वेळी तार काढूनच ठेवतात. दहा नंबरचा पाना लागतो."

"दहा नंबरचा पाना हाच ना?"

त्याने वाकून पाहिले आणि मान हलवली. जुन्या बॅटरीच्या टोकांवर जमते तीच ती भुकटी होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. "ताई, या एका पान्याला कुंकू दोनदा का लावले?"

चहाचे भांडे त्यांच्या हातात तसेच राहिले. "पुसलं होतं."

"पूजेतून उचलावा लागला म्हणून?"

मुलगा माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने पाहू लागला. धाक घालण्याची मला इच्छा नव्हती आणि गरजही नव्हती. मी फक्त सांगितले, "तुमचा भाडेकरू सकाळपासून ठाण्यात बसला आहे. त्याच्या नोकरीची पडताळणी माझ्याकडे आहे. त्याला बरेच काही ठाऊक आहे, पण तो सांगत नाही."

"तो? तो कशापायी ठाण्यात?" त्या मुलाकडे वळल्या. "तू त्याचं नाव दिलंस?"

"आई, गाडीजवळ तोच—"

"चोरी झाली म्हणून कागद करून आलास, एवढंच मला सांगितलंस तू. त्याचं नाव दिलंस?" त्यांनी भांडे खाली ठेवले, पदर खांद्यावर घेतला. "साहेब, आधी त्याला घरी पाठवा. त्याची लेकरं वाट बघत असतील. गाडी मी नेली."

"तू?" मुलगा हसला, परंतु ते हसू अर्ध्यातच थांबले. "तुला गाडी कुठं येते?"

"येते तिला," ओसरीवरून आवाज आला. वडील खुर्चीचा हात धरून उठले होते. "गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. रस्ते मोकळे. मीच शिकवली. क्लच जरा लवकर सोडते, एवढंच."

"तुम्ही सोडू देता कुठं? आधीच ओरडता," बाई म्हणाल्या.

मी तेथूनच ठाण्यात फोन केला. हवालदाराने त्या भाडेकरूला जीपमधून न पाठवता आपल्या मोटारसायकलवरून साध्या कपड्यांत सोडले, आणि वाटेत त्याला झेंडूची फुले घेऊन दिली. फुले आणायला म्हणूनच तो घरातून निघाला होता. ही सूचना माझी नव्हती. त्या हवालदाराची होती.

मग बाईंनी सारे सांगितले. गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची तर दोन माणसे लागतात; एक चाकाशी आणि एक आत बसून ब्रेक दाबायला. संसारातल्या अर्ध्या संध्याकाळी त्यांनी त्या आसनावर बसून काढल्या होत्या. "दाब" म्हटले की दाबायचा, "सोड" म्हटले की सोडायचा. अपघातानंतर मुलाने गाडी विकायचे ठरवले तेव्हा नवरा एका शब्दाने नाही म्हणाला नाही, याचेच त्यांना भय वाटले. "भांडले असते तर मी गप्प बसले असते. हे जेवायचे थांबले. गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून उठणार नाही, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, दसरा टळू दे. गिऱ्हाईक परत जाऊ दे. मग बघू. दुपारी हे झोपले तेव्हा गाडी काढली, माहेरी ठेवली आणि एसटीनं परत आले."

"आणि लिंबू?" मी विचारले.

"सणाची गाडी दाराबाहेर काढायची, ती लिंबू न ठेवता?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "पूजेतला पाना उचलला तेव्हा मात्र आधी हात जोडले. देवीला म्हटलं, तुझंच हत्यार, तुझ्याच घरासाठी घेते. पुन्हा आणून ठेवते."

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. "आई, जॅक घसरला तेव्हा तू देवळात होतीस. मी पाहिलंय त्यांना खाली. त्यांचा एकच हात बाहेर होता आणि तो हलत नव्हता. अजून झोपेत दिसतो मला तो हात. म्हणून विकत होतो." बाई त्याच्याजवळ गेल्या आणि लहानपणी करीत असतील तसा त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

गाडी बाईंच्या माहेरी होती, चाकणच्या पलीकडे, भावाच्या कांदाचाळीत. दुपारी आम्ही तिथे गेलो. वडीलही हट्टाने आले. चाळीतला कांदा बराच विकला गेला होता आणि मोकळ्या जागेत, ताडपत्रीखाली, ती हिरवी गाडी उभी होती. भाऊ पोलीस पाहून गडबडला.

"आमची भैन गाडी घिऊन आली, आमी म्हनलं दसऱ्याला आली आसंल. म्हनली, चार दिस ऱ्हाऊ दे हितं. आमी म्हनलं ऱ्हाऊ दे. चोरीची हाय व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "घरचीच आहे."

गाडी वडिलांच्या नावावर, नेणारी त्यांची पत्नी, आणि लुबाडण्याचा हेतू कोणाचाच नाही. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरीचा अहवाल न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. भाडेकरूचे नाव आरोपी म्हणून कुठेही आले नव्हते, त्यामुळे कुठून काढावेही लागले नाही. त्याच्या पडताळणीवर मी स्वतः सही केली.

ती पडताळणी न्यायला तो आला तेव्हा मी विचारले, "तुम्हाला कळले होते ना?"

"लिंबाखाली तांदूळ काकूच ठेवतात साहेब. सगळ्या चिखलीत दुसरं कुणी ठेवत नसंल. माझ्या बायकोचं बाळंतपण त्यांनी केलं. दोन्ही बारीला. त्यांचं नाव माझ्या तोंडून कसं निघणार?" मग कागदाची घडी घालत म्हणाला, "दादांना राग नका येऊ देऊ माझा. बाप हाय त्यांचा, मी मधे भांडायला नको होतं."

परंतु मला जे सर्वाधिक स्मरते ते त्या कांदाचाळीतले दृश्य आहे. ताडपत्री काढल्यावर वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दार उघडून गाडीतली पायाखालची सतरंजी दाबून पाहिली. ती ओली होती. वाटेत पावसाची सर लागली असावी. "नळी तुंबली," ते म्हणाले. छताच्या कडेला बोट घालून त्यांनी झेंडूच्या पाकळ्या बाहेर काढल्या. हारातल्याच त्या. वाकताना बरगडी दुखून त्यांचा श्वास अडकला.

मुलगा पुढे झाला. "द्या इकडं. कुठं घालायची दोरी?"

"हळू. ढकलायची नाही, फिरवायची."

"अशी?"

"अशी. लागली का पलीकडे?"

"लागली."

बाईंनी वरून तांब्याभर पाणी ओतले. ते क्षणभर थांबले आणि मग गाडीच्या पोटाखालून मातीत वाहू लागले. मुलगा खाली वाकून ते पाणी पाहत राहिला. उठताना म्हणाला, "जॅकवर एकट्यानं खाली जायचं नाही. दोन्ही बाजूंना टेकूच्या लोखंडी घोड्या लावायच्या. आणि मी असल्याशिवाय नाही."

"रविवारी असतोस ना तू?" वडिलांनी विचारले.

"असतो."

"मग रविवारी ब्रेक बघू."

मी तपासात काय शिकलो असे कोणी विचारले तर एवढेच सांगेन. गप्प राहणारा दिसला की तो काय लपवतो हे विचारण्याआधी, तो कोणासाठी गप्प आहे ते पाहावे. त्या एका घरात सारेच गप्प होते. मुलगा आपल्या भयाबद्दल, बाप आपल्या दुःखाबद्दल, आई आपल्या कृत्याबद्दल, भाडेकरू तिच्याबद्दल. प्रत्येकाच्या मौनामागे दुसऱ्याचे हित होते. कायद्याला त्यात गुन्हा दिसला नाही आणि मलाही दिसला नाही. मात्र वेळेवर एक वाक्य बोलले गेले असते, तर एका निरपराध माणसाला सणाच्या सकाळी ठाण्याची खुर्ची बघावी लागली नसती.

निवृत्तीनंतर त्या घरचे खंडेनवमीचे बोलावणे मला येऊ लागले. पहिल्या वर्षी गेलो तेव्हा पाटावर तीच हत्यारे होती, शेजारी दोन नव्या लोखंडी घोड्या, आणि एका कोपऱ्यात भाडेकरूचे कारखान्याचे ओळखपत्र, त्यावरही हळदकुंकू. दहा नंबरच्या पान्यावर टिळा एकच होता. गाडीची बॅटरी मात्र जोडूनच ठेवली होती. "उद्या दसऱ्याला चाकणला जायचंय," वडील म्हणाले. "हीच चालवणार आहे."

वाचकहो, आपल्या घरातील हत्यारे सदैव कामात राहोत आणि ती हाती घेणारे हात निरोगी राहोत. ज्याच्या अंगावर ओझे आहे त्याच्या दोन्ही बाजूंना आधार असो. आपल्या उंबऱ्याआतील कोणावरही नाहक संशयाची सावली न पडो, आणि मनातले बोलावयास आपणां सर्वांना श्रीजगदंबा वेळेवर वाचा देवो. कल्याणमस्तु.